चांदणी नसलेले आकडे

९ जानेवारी

ताई,

पत्राच्या डोक्यावर जे नमस्काराचं लिहायचं असतं ते मला शाळेतही कधी जमलं नाही. ते पोचलं असं धर आणि पुढे वाच. पत्ता बदललाय, पाकिटाच्या मागे लिहिलाय. वहीतला जुना खोडून टाक. खोडायला जागा उरली नसेल तर नवी वही घे, मी काही सुधारणार नाही.

लाकडाची वखार सोडली. काम वाईट नव्हतं, पण मालक एके दिवशी खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुला कायम करतो." मला दरदरून घाम फुटला. चौथ्या दिवशी मी इथे होतो.

इथे रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागलोय. घाबरू नकोस, मी कुणाला सुई टोचत नाही. सकाळी दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या गोळा करायच्या, बर्फाच्या डब्यात घालून सायकलवरून आणायच्या. दुपारी रिपोर्ट छापायचे, घडी घालायची, पाकिटात भरायचे. लॅब एका डॉक्टरबाईंची आहे, सगळे त्यांना मॅडम म्हणतात. त्या चष्म्यावरून बघतात तेव्हा आपण काहीतरी चोरलंय असं वाटायला लागतं. यंत्रांवर एक जुना माणूस आहे, त्याला सगळे थर्मास म्हणतात. तो दिवसभर चहाचा थर्मास शेजारी ठेवतो, आणि झाकण उघडल्याशिवाय त्याच्यातूनही काही बाहेर येत नाही.

एका यंत्रात नळ्या गरगर फिरवतात. लाल खाली बसतं आणि वर पिवळट पाणी राहतं, ते तपासायचं. मी टक लावून बघत होतो तर थर्मास म्हणाला, "तुझ्यासारखंच आहे. फक्त ह्याच्या फिरण्यातून काहीतरी हाती लागतं."

लॅबच्या दारात एक कुत्रं झोपतं. त्याचा एक कान... जाऊ दे, ते नंतर सांगतो. मागच्या पत्रात तू अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंस, "आणि हो, मला दिवस गेलेत." अशी गोष्ट शेवटच्या ओळीत लिहितात? सगळं नीट सांग. दाजी खूश आहेत ना?

भिंगरी

१७ जानेवारी

भिंगरी,

शेवटच्या ओळीत लिहिलं कारण तू पहिल्या चार ओळी वाचून भटकायला जातोस आणि आल्यावर शेवटची वाचतोस. फोन ठेवला असतास तर ऐकवलं असतं. पण तुझा नंबर महिनाभर टिकत नाही, पत्ता निदान दोन महिने टिकतो.

दाजी खूश आहेत. विजेचे टॉवर उभे करणारी त्यांची टोळी आता फार लांब गेलीय, दीड महिन्यातून एकदा चार दिवस येतात. आल्यावर माझ्या पोटाला कान लावून झोपी जातात. बाळाचं काही ऐकू येत नाही, यांचं घोरणं ऐकू येतं.

दवाखान्यात महिने मोजत नाहीत, आठवडे मोजतात. माझे चोवीस झाले. ब्लडप्रेशर थोडं वर आहे, एकशे चाळीस आणि नव्वद. डॉक्टरीणबाईंनी एक गोळी दिलीय आणि सांगितलंय की या दिवसांत प्रेशर वाढलं की किडनीवर लक्ष ठेवावं लागतं. म्हणून रक्त तपासलं. क्रिएटिनिन ०.५, युरिक अॅसिड ३.६. बाई म्हणाल्या, छान. आता तू लॅबवाला झालास तर मला एवढं सांग की हे काय असतं. बाईंकडे रांग इतकी असते की प्रश्न आठवेपर्यंत मी बाहेर आलेली असते.

कारखान्यात कापडाचे थर वाढवलेत. एका वेळी आम्ही बत्तीस शर्ट कापतो. दिवसभर उभं राहून पाय सुजतात. मुकादमाकडे स्टूल मागितला तर म्हणाला, "बसून कापलेला शर्ट घालणाराही बसूनच राहील." मग दोन दिवसांनी काही न बोलता एक स्टूल माझ्या टेबलाखाली सरकवून गेला.

ताई

२५ जानेवारी

ताई,

तुझ्या पत्रातले आकडे घेऊन मी थर्मासकडे गेलो. दोन कप चहा संपेपर्यंत थांबावं लागलं. तो म्हणतो, शरीर चालतं तेव्हा कचरा होतो. क्रिएटिनिन हा कचरा, युरिक अॅसिड हाही कचरा. किडनी झाडू मारत असेल तर रक्तात कचरा कमी. आकडा वाढला म्हणजे झाडणारा थकला. इतकं सोपं आहे, आणि शाळेत याचं चित्र काढायला लावून मला दोन वेळा नापास केलं.

आता रिपोर्ट वाचायची युक्ती सांगतो, ही मी स्वतः शोधली. तुझ्या आकड्याच्या उजवीकडे कंसात दोन आकडे असतात, इथपासून इथपर्यंत. ती चौकट. तुझा आकडा चौकटीच्या बाहेर गेला की यंत्र आपोआप त्याच्यापुढे एक चांदणी छापतं. मी दिवसाला सत्तर-ऐंशी रिपोर्टांची घडी घालतो. आता वाचतसुद्धा नाही, फक्त चांदणी बघतो. नसली की मनात म्हणतो, जा बाबा, झोप सुखाने. असली की पाकीट जरा हळू बंद करतो.

तुझ्या लॅबचा कागदही असाच असणार. चांदणी नसेल तर झोप.

कुत्र्याचं सांगायचं राहिलं. त्याचा एक कान उभा आणि एक पडलेला. पडलेल्या कानाच्या बाजूने गेलं तर भुंकत नाही. सगळ्या लॅबला हे माहीत आहे, म्हणून सगळे डावीकडूनच आत येतात. नवा माणूस उजवीकडून आला की आम्हाला आतून कळतं.

भिंगरी

१४ फेब्रुवारी

भिंगरी,

अठ्ठावीस आठवडे. काल नवा रिपोर्ट आणला. क्रिएटिनिन ०.८, चौकट ०.५ ते १.१. युरिक अॅसिड ५.३, चौकट २.४ ते ६. चांदणी कुठेच नाही. प्रेशर एकशे शेहेचाळीस आणि चौऱ्याण्णव.

आता नीट वाच, मध्येच उठू नकोस. डॉक्टरीणबाईंनी पुढची तारीख १२ मार्चची दिलीय आणि सांगितलंय की दर पंधरा दिवसांनी रक्त तपासा, आकडे वाढले तर तारखेची वाट न बघता या. वाढले म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. पाचाचे आठ झाले म्हणजे वाढलाच की. पण चौकटीतही आहे. एकच आकडा वाढलेला आणि ठीक, दोन्ही कसा असेल?

आणखी एक. आमच्याकडे मध्यम मापाचा कागद असतो, त्यावर ठेवून सगळे मध्यम शर्ट कापतो. पण तो कागद मुळात कुणाच्या तरी अंगावरून घेतलेला असतो. ही चौकट कुणाच्या अंगावरून घेतलीय? माझ्या रिपोर्टवर वय आणि 'स्त्री' इतकंच छापलंय. पोटाचं कुठेच नाही.

दवाखाना दोन बस बदलून आहे. जायचं तर अख्खा दिवस जातो, आणि मुकादमाने स्टूल दिल्यापासून मला सुट्टी मागायची लाज वाटते. जाणं गरजेचं असेल तर जाईन. नसेल तर १२ मार्चलाच जाते. तू विचारून कळव.

ताई

२० फेब्रुवारी

ताई,

चौकटीत आहे म्हणजे चौकटीत आहे. घर दहा फूट रुंद असेल तर तू या भिंतीशी बस नाहीतर त्या भिंतीशी, घरातच आहेस ना? वाढलाय, पण घराबाहेर गेला नाही. आणि कुणाच्या अंगावरून म्हणशील तर सगळ्या बायकांच्या. म्हणून तर 'स्त्री' लिहिलंय. तू सगळ्यात शिवण काढत बसतेस.

१२ मार्चला जा निवांत.

परवा मजा झाली. मी नळ्यांचा डबा घेऊन येत होतो, तर कालव्यावर नवा पूल बसवत होते. अख्खा पूल, ताई, क्रेनने उचललेला, हवेत. खाली एक माणूस नुसत्या दोन बोटांनी इशारा करत होता आणि तेवढं लोखंड त्याच्या बोटांवर डावी-उजवीकडे सरकत होतं. दाजींना सांग, असं काम बघायला मिळालं तर मी त्यांच्या टोळीत यायला तयार आहे. पूल टेकला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. बघणाऱ्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, तोच काय तो आवाज.

बाळासाठी मी लाकडाचा एक भोवरा करतोय. वखारीतून येताना एक तुकडा खिशात टाकला होता.

भिंगरी

२ मार्च

भिंगरी,

तीस आठवडे पूर्ण. क्रिएटिनिन १.०. युरिक अॅसिड ५.९. दोन्हीकडे भिंतीला पाठ लागलीय, पण घरातच आहे. चांदणी नाही. तू म्हणालास तशी झोपले.

माझ्या चपला होत नाहीत, दाजींच्या घालून कामावर जाते. बाया हसतात. मुकादम म्हणाला, "घरात आता पायही त्यांचेच का?"

काल खडूची रेघ वाकडी गेली. मला सरळ दिसत होती. बत्तीस थर वाया गेले. उजेड कमी असेल, खिडकीसमोर नवीन गठ्ठे रचलेत.

बाकी ठीक. बाळ फिरतं. तुझ्यावर गेलंय.

ताई

११ मार्च

ताई,

तुझं पत्र चार दिवस लॅबच्या खिडकीत पडून होतं. मी नव्हतो. नदीच्या वरच्या अंगाला एक जण होड्या दुरुस्त करतो असं कळलं म्हणून बघायला गेलो आणि राहिलोच. डांबर तापवून फटीत भरतात, त्याचा वास अजून हाताला आहे.

तुझा रिपोर्ट बघितला, म्हणजे तू लिहिलेला. छान. चांदणी नाही.

माझ्यावर गेलं असेल तर पाळण्याला कडी लाव.

भोवरा झाला. खाली खिळा मारायचा नाही असं ठरवलंय, बोटाला लागेल. लाकडाचंच टोक ठेवलंय. उद्या तुझी तारीख आहे ना? डॉक्टरीणबाई काय म्हणतात ते लिही.

भिंगरी

१५ मार्च

भिंगरीस,

मी तुझा दाजी लिहितोय. ताईला अजून लिहिता येत नाही, म्हणून मी.

७ तारखेला सकाळी कारखान्यात कटिंगच्या टेबलाशी तिला झटका आला. अंग ताठ झालं, शुद्ध गेली. मुकादमाने तिला उचलून मालाच्या टेम्पोत घातलं आणि मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे दुसरा झटका आला. प्रेशर एकशे ऐंशीच्या वर होतं. बाळ लगेच काढावं लागलं. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलो.

मुलगी आहे. एक किलो एकशे नव्वद ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवलीय.

ताईची किडनी चार दिवस जवळजवळ बंद होती. आता लघवी होते, ती मोजतात, मी वहीत लिहून ठेवतो. काल तिने मला ओळखलं. तिने पहिलं विचारलं की टेबलावरचं कापड कुणी उचललं का.

तिच्या पिशवीत तुझी पत्रं सापडली. मी वाचली. तुला काही म्हणायचं नाही. मला आकड्यातलं कळत नाही, तुलाही कळत नसेल. पण तू कळतंय असं लिहिलं होतंस.

इतक्यात येऊ नकोस. भेटायला एकालाच सोडतात.

दाजी

१९ मार्च

ताई,

दाजींचं पत्र काल मिळालं. तीन वेळा वाचलं. तिन्ही वेळा तेच होतं.

आज सकाळी मॅडमच्या खोलीत गेलो. तुझी तिन्ही पत्रं टेबलावर ठेवली. त्यांनी आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहिले. ०.५, ०.८, १.०. मग चष्म्यावरून बघितलं.

"कोणाचे?"

"एका बाईचे."

"गरोदर?"

"हो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "गरोदर बाईची किडनी नेहमीपेक्षा जास्त रक्त गाळते. म्हणून हा आकडा खाली उतरायला हवा आणि खालीच राहायला हवा. पाचाच्या आसपास. आठला कान टवकारायचे. एकला तिला घरी बसू द्यायचं नाही. इथे तर दुप्पट झालाय. युरिक अॅसिडही सोबत चढलंय. प्रेशर असलेल्या बाईत हे तिन्ही कागद शेजारी ठेवून बघायचे असतात."

मी म्हटलं, "पण चांदणी नव्हती."

म्हणाल्या, "चांदणी यंत्र देतं. यंत्राला आपण वय सांगतो आणि स्त्री की पुरुष ते सांगतो. पोटात बाळ आहे हे त्याला कोण सांगणार?"

तू हेच विचारलं होतंस. पोटाचं कुठेच नाही, असं. मी सगळ्या बायकांच्या अंगावरून म्हणून लिहिलं.

आता जे लिहिलं नव्हतं ते लिहितो. तुझं फेब्रुवारीतलं पत्र आल्यावर मी थर्मासला विचारलं होतं. तो म्हणाला होता, "गरोदर बायकांचं वेगळं असतं. किती ते मला नाही सांगता येणार. मॅडमला विचार." पण त्याच्या आदल्या दिवशी मी पूल बघत थांबलो होतो ना, तेव्हा डबा उन्हात दीड तास राहिला. बर्फ वितळला. एकोणीस जणांचं रक्त फुकट गेलं, सगळ्यांना परत बोलावून परत सुया टोचाव्या लागल्या. मॅडम म्हणाल्या होत्या, "आठ दिवस मला तोंड दाखवू नका." मी तुला पूल लिहिला, हे नाही लिहिलं.

म्हणून मी विचारलं नाही. आणि आठ दिवस काय, नवव्या दिवशी विचारता आलं असतं. नवव्या दिवशी माझ्या लक्षातच नव्हतं.

आज मॅडमना हे सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "दार ढकलायचं होतं." एवढंच.

दुपारी पिशवी भरून बस स्टँडवर गेलो. तुमच्याकडची बस लागली होती. ती सुटली, दुसरी लागली, तीही सुटली. मी बाकावर बसून होतो. आजपर्यंत मला कुठूनही कुठेही जाता यायचं. संध्याकाळी परत आलो. डावीकडूनच आत गेलो.

मुलीचं वजन किती झालं ते दाजींना लिहायला सांग.

भिंगरी

२१ एप्रिल

भिंगरी,

तू १९ मार्चला वजन विचारलंस. ती १८ तारखेला गेली होती. अकरा दिवस होती.

तिचं नाव ठेवलं नव्हतं. पेटीला बांधलेल्या कार्डावर माझं नाव होतं आणि पुढे 'हिची मुलगी'. मला खुर्चीवर बसवून तीन वेळा नेलं. काचेला हात जाईल एवढं भोक असतं. तिने माझं बोट धरलं, पण ते सगळीच बाळं धरतात असं नर्सबाई म्हणाल्या. नंतर मी कार्ड मागितलं, त्यांनी दिलं. दुसऱ्या दिवशी त्या पेटीत दुसरं बाळ होतं. मला दूध आलं होतं. सहा दिवस येत राहिलं.

माझं क्रिएटिनिन वर गेलं तेव्हा २.९ होतं. त्याच्यापुढे चांदणी होती. मला मिळालेली पहिलीच. दाजींनी तो कागद ठेवलाय.

मी घरी आहे. दाजी टोळी सोडून जवळच्या गोदामात लागलेत. बोलत नाहीत फारसं. सकाळी माझं प्रेशर मोजतात, वहीत लिहितात, मग डबा घेऊन जातात. आम्ही भिंतीला रंग द्यायला काढला होता, तो अर्धाच राहिलाय. अर्ध्या भिंतीची सवय होते.

तुझं पत्र मिळालं तेव्हा वाचलं नाही. मागच्या आठवड्यात वाचलं. बर्फ, एकोणीस जण, आठ दिवस, सगळं वाचलं. मला राग यायला हवा होता. मी वाट बघितली, आला नाही. येईल कदाचित. आला तर कळवीन.

आता माझं. मीही लिहिलं नव्हतं. डोकं दुखत होतं, वीस फेब्रुवारीपासून, रोज. डोळ्यांसमोर चमचम व्हायची, खडूची रेघ दोन दिसायची. उजेड कमी नव्हता. बरगडीखाली कुणीतरी मूठ दाबून धरल्यासारखं व्हायचं. हे लिहिलं असतं तर तूसुद्धा जा म्हणाला असतास. म्हणून लिहिलं नाही. मला जायचं नव्हतं. बाई मला झोपवून ठेवतील आणि टेबलावर दुसरी कटर येईल, इतकीच भीती होती. मग ती आलीच. बरी आहे कामाला. मुकादम आला होता तेव्हा म्हणाला. आल्यावर दारातच उभा राहिला, बस म्हटलं तर म्हणाला, "मी बसत नाही." पण स्टूल अजून तिथेच आहे म्हणाला, तिला देत नाही.

तिथे दवाखान्यात विचारलं असतं तर खरं उत्तर मिळालं असतं. मी तुला विचारलं. तू 'काही नाही, झोप' म्हणशील हे मला माहीत होतं. तू लहान होतास तेव्हापासून तेच म्हणतोस. मला तेच ऐकायचं होतं.

हे फिटंफाट करायला लिहीत नाहीये. तुझं तुझ्याकडे राहू दे, माझं माझ्याकडे.

काल पुन्हा रक्त दिलं. क्रिएटिनिन ०.७. युरिक अॅसिड ४.२. चौकट तीच जुनी. चांदणी नाही. डॉक्टरीणबाई पुढच्या महिन्यात बघतील. हे बरोबर आहे का? या वेळी कुणाला तरी विचारून कळव.

ताई

२९ एप्रिल

ताई,

तुझं पत्र परवा आलं. मी त्याच दिवशी विचारणार होतो, पण मॅडम गावाला गेल्या होत्या. आज आल्या. त्यांनी छत्री ठेवायच्या आधी मी खोलीत होतो.

मी अजून इथेच आहे. डबा दुसऱ्याला दिलाय. मला खिडकीत बसवलंय, रक्त द्यायला येणाऱ्यांचे फॉर्म भरतो. फॉर्मवर मॅडमनी आता एक ओळ वाढवलीय: गरोदर असल्यास किती आठवडे. छापून यायला वेळ लागेल म्हणून सध्या रबरी शिक्का मारतो. शिक्का करणाऱ्याने 'आठवडे' कागदावर उलटं उमटेल असं कोरून आणलं होतं, परत करून घेतला. बायका आल्या की मी विचारतो. काही हसतात, काही रागावतात. साठीच्या एक आजी म्हणाल्या, "तुझ्या तोंडात साखर पडो." मी तरी विचारतो. हो म्हणाल्या तर शिक्का मारतो, आठवडे लिहितो, आणि तो कागद थर्मासच्या हातात देतो, ट्रेमध्ये टाकत नाही. त्यांचे जुने कागदही तो काढतो आणि शेजारी ठेवतो. परवा एकीचा आकडा चौकटीत होता. मॅडमनी स्वतः फोन करून तिच्या डॉक्टरला सांगितलं. पुढे काय झालं मला माहीत नाही. आम्हाला पुढचं कळत नाही.

भोवरा माझ्याकडेच आहे. त्याचं काय करायचं ते तू सांग, मी ठरवणार नाही.

शनिवारी निघतो. या वेळी बसमध्ये चढतो. दाजींना बोलायचं नसेल तर नको, मी भिंतीचा उरलेला रंग देईन.

तुझे आकडे मी पत्रातून उतरवून न घेता पत्रच मॅडमपुढे ठेवलं, बोट ठेवून ती ओळ दाखवली. ०.७ आणि ४.२. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

म्हणाल्या, "बाई गरोदर आहे?"

मी म्हटलं, "नाही."

म्हणाल्या, "मग बरोबर आहे."

भिंगरी